पॅनोरमा हॉटेलातली टेप

दोन हजार सोळाचा एप्रिल. औरंगाबादच्या मुकुंदवाडीत नळाला पाणी यायचा दिवस होता, आणि अशा दिवशी दारात अनोळखी माणूस उभं राहिलं की द्वारकाबाईंच्या कपाळाला आठी पडायचीच. त्यात ही पोरगी. खांद्याला काळी बॅग, हातात जाडजूड हेडफोन.

“कडुबा सोनवणे यांचं घर हेच का?”

“होतं,” द्वारकाबाई पिंपात धरलेली नळी न सोडता म्हणाल्या. “ते जाऊन लई वर्षं झाली. काय काम हाय?”

पोरीचं नाव स्वराली. ती ध्वनिमुद्रण शिकवायची. शहरातलं जुनं संगीत गोळा करून इंटरनेटवर ठेवायचं, असं तिनं आणि तिच्या मित्रांनी ठरवलं होतं. स्टेशन रोडवरचं पॅनोरमा हॉटेल आता पाडत होते, तिथं मॉल होणार होता. एके काळी वेरूळ-अजिंठा बघायला येणारे परदेशी पाहुणे त्या हॉटेलात उतरायचे आणि त्यांच्यासाठी रोज संध्याकाळी तिथं जॅझ वाजायचा.

“आपल्या गावात जॅझ होता, आजी! कोणाला आठवतसुद्धा नाही. ज्यांना आठवतं, त्यांनी लिहावं, फोटो टाकावेत, म्हणून वेबसाइट काढली. एका फोटोत कडुबा आजोबा आहेत असं कोणीतरी लिहिलंय.”

“आन तुला काय मिळणार ह्याच्यातून?”

“मला? काही नाही. सगळं फुकट आहे.”

फुकट म्हटल्यावर ह्यात काहीतरी काळंबेरं आहे, अशी द्वारकाबाईंची खात्रीच पटली. फुकट पाणीसुद्धा कोणी देत नव्हतं त्या दिवसांत. तरी त्यांनी तिला आत बोलावलं, कारण तिनं फोनवर फोटो पुढं धरला होता.

फोटोत रंगमंच होता. कोट घातलेली चार माणसं होती. पियानो, ढोल, क्लारनेट, ट्रम्पेट. आणि त्यांच्या मागं, पडद्याच्या कडेला, अर्धा चेहरा. तो कडुबाचाच होता. त्याच्या हातात काहीतरी चमकत होतं, पण काय ते कळत नव्हतं.

“त्यांचं एखादं रेकॉर्डिंग आहे का तुमच्याकडे?” स्वरालीनं विचारलं.

“नाय,” द्वारकाबाई म्हणाल्या.

होतं. कपाटात, लुगड्यांच्या घडीखाली. जेवणाच्या ताटलीपेक्षा जरा लहान, तपकिरी फितीचं एक स्पूल. कडुबानं ते चौऱ्याहत्तर साली घरी आणलं आणि म्हणाला होता, “ठेव नीट. ह्याच्यात मी हाय.” पण ते वाजवायचं यंत्र घरात कधी आलंच नाही. यंत्र मागायला जावं असं आधी द्वारकाबाईंना लई वाटायचं. पुढं पुढं वाटेनासं झालं.

त्याला कारण होतं.

कडुबा कन्नडचा. लग्नाच्या बँडात ट्रम्पेट वाजवायचा. बहात्तर साली पाऊस नाही, पीक नाही, आणि लग्नं झाली ती चार माणसांत, वाजंत्र्याविना. बँड मोडला. कडुबा बायकोला आणि तान्ह्या साहेबरावला घेऊन शहरात आला. हॉटेलात काम मिळालं म्हणाला. कसलं काम, तर म्हणाला, “बँडाचं.” पण शेजारणी वेगळंच सांगायच्या. विहिरी आटल्यात, गोऱ्या लोकांना मात्र रोज अंघोळ पायजे, म्हणून हॉटेलात टँकर येतो, आणि तुझा नवरा त्याच्यावर असतो. द्वारकाबाईंनी त्याचे तळहात पाहिले होते. बादल्यांच्या कड्यांनी सोलवटलेले असायचे. ट्रम्पेट वाजवणाऱ्याचे हात असे होत नाहीत, एवढं बँडवाल्याच्या बायकोला कळत होतं.

एकदा त्या पोराला कडेवर घेऊन हॉटेलापर्यंत गेल्या. फाटकावरच्या गुरख्यानं आत सोडलं नाही. आतून वाजणं ऐकू आलं, पण कोण वाजवतंय ते भिंतीपलीकडून कसं कळणार? घरी कडुबा सराव करायचा, तोसुद्धा शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून ट्रम्पेटचं तोंड गोधडीत खुपसून. पुढं हॉटेलातला बँड बंद पडला. कडुबा नगरपालिकेत पाणी सोडायच्या कामावर लागला आणि हॉटेलाचं नावही काढेनासा झाला. द्वारकाबाईंनी विचारलं नाही. चारचौघांत मात्र त्या ठासून सांगायच्या, आमचे मालक गोऱ्या लोकांपुढं वाजवायचे.

संध्याकाळी साहेबराव वाळूजच्या कंपनीतून घरी आला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि लगेच म्हणाला, “माय, ती मॉलवाल्यांची माणूस असल. जुन्या कामगारांनी हक्क सांगू नये म्हणून आधी माहिती काढून घेतात. काही देऊ नको.”

सून मोनिका तोवर फोनवर ती वेबसाइट उघडून बसली होती. तिनं फोटो मोठा केला, खालचं वाचलं आणि फोन पालथा ठेवला.

“काय लिहिलंय?” द्वारकाबाईंनी विचारलं.

“काही नाही, आत्या.”

“वाच.”

मोनिकानं वाचलं. “कडुबा बँडमध्ये नव्हता. तो टँकरवर पाणी आणायचा. फोटोत मागं उभा राहिलाय एवढंच. ट्रम्पेट फ्रान्सिस परेरा यांचं, क्लारनेट मोतीराम यांचं. उगाच कोणाचंही नाव घुसडू नका.”

लिहिणाऱ्याचं नाव नव्हतं. साहेबराव खवळला. द्वारकाबाई खवळल्या नाहीत. इतकी वर्षं जे कोणी तोंडावर म्हटलं नव्हतं, ते आता साऱ्या जगाला वाचता येत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या डोक्यात आणखी एक किडा वळवळायला लागला. हे त्या पोरीनंच लिहिलं नसेल कशावरून? आधी डिवचायचं, मग आपण चिडून पुरावा म्हणून टेप काढून द्यायची. त्यांनी मोनिकाला स्वरालीला फोन लावायला सांगितला.

“ते तू लिहिलं का?”

“नाही हो, आजी! तिथं कोणीही लिहू शकतं.”

“मंग पुसून टाक.”

स्वराली म्हणाली, “खोटं आहे असं तुम्ही सांगा, मी तुमच्या नावानं खाली लिहिते. पण खात्री केल्याशिवाय पुसता नाही येणार. उद्या तुमचं कोणी पुसायला सांगितलं तर?”

द्वारकाबाईंनी फोन ठेवून दिला. खोटं आहे, हे दोन शब्द त्यांच्या तोंडून निघाले नव्हते, आणि ते त्या पोरीच्या लक्षात आलं असणार.

क्लारनेटवाला मोतीराम अजून होता. छावणी भागात राहायचा. कडुबाच्या तेराव्याला येऊन गेल्यावर कधी गाठ नव्हती. द्वारकाबाई रिक्षा करून त्याच्याकडं गेल्या. ऐंशी पार केलेला मोतीराम ओसरीत खुर्ची टाकून बसला होता. त्यांना बघून तो उठायला लागला. तेवढ्यात त्याचा मुलगा बद्रीनाथ बाहेर आला आणि त्यानं येण्याचं कारण विचारलं.

“ते इंटरनेटवर लिहिणारं कोण, ते बघाया आले.”

“मी लिहिलं,” बद्रीनाथ म्हणाला. “खोटं काय त्याच्यात? बाप हयातभर फुंकून फुंकून थकला. आता कुठं त्याचं नाव निघतंय, तर ज्याला त्याला बँडवाला व्हायचंय.”

“भाऊजी, तुम्ही बोला,” द्वारकाबाई म्हणाल्या. “आमचे मालक वाजवायचे का नाय?”

मोतीरामनं मुलाकडं पाहिलं, मग खाली पाहिलं. “कडुबा टँकरवर होता, वहिनी. हे खरं हाय.”

“मी वाजवायचं विचारलं.”

म्हाताऱ्यानं खुर्चीचा हात चाचपला. मग हळूच म्हणाला, “त्याच्यापाशी एक टेप होती. अजून हाय का?”

“हाय.”

“वाजवू नका, वहिनी. जाऊ द्या आता. आपलं चांगलं चाललंय.”

द्वारकाबाई चहा न घेता उठल्या. येताना रिक्षात त्यांना आधी वाटलं, मोतीरामला आपली कीव आली. टेपवर कडुबा नाही हे त्याला ठाऊक आहे. मग क्रांती चौकाच्या गर्दीत रिक्षा अडकली तेव्हा दुसरा विचार आला. टेप अजून आहे का, हे त्यानं आधी का विचारलं? ज्याला लपवायचं असतं तोच आधी विचारतो. घरी येईपर्यंत त्यांचं ठरलं. टेप वाजवायची. मात्र आपल्या डोळ्यांसमोर.

स्वराली बोलावल्यावर धावतच आली. पांढरे हातमोजे घालून तिनं स्पूल हातात घेतलं, फितीचं टोक नखानं जरा उचललं आणि तिचा चेहरा उतरला.

“ही अशीच वाजवली तर फाटेल. वरचा थर चिकट झालाय. आधी तापवावी लागेल.”

“म्हंजे?”

“मंद आचेवर, बराच वेळ. एक यंत्र आहे माझ्याकडे. भाज्या वाळवायचंच आहे, पण जगभर लोक जुन्या टेपांसाठी तेच वापरतात. टेप माझ्याकडे न्यावी लागेल.”

“बघ माय,” साहेबराव म्हणाला, “मी काय म्हणत होतो? आता न्यायची, मग जळाली म्हणायचं.”

स्वरालीला राग आला होता, पण तिनं तो गिळला. “मग तुम्हीच घेऊन या. आणि बसा तिथं.”

साहेबरावनं स्पूलचे दोन्ही बाजूंनी फोटो काढले. बदलाबदल होऊ नये म्हणून प्लास्टिकच्या चकतीवर मार्करनं सही केली. आणि द्वारकाबाई पोळ्यांचा डबा घेऊन उस्मानपुऱ्यातल्या स्वरालीच्या खोलीत जाऊन बसल्या. यंत्र घोंगावत होतं. स्वराली मधूनमधून उष्णता बघून टेप फिरवून ठेवत होती. ती पाणी प्यायला उठली तरी द्वारकाबाई मान वळवून बघायच्या. दुपारी दोघींनी एकाच डब्यातल्या पोळ्या खाल्ल्या, पण बोलणं असं फारसं झालं नाही. एकदाच स्वरालीनं विचारलं, “आजी, तुम्हाला माझा इतका संशय का येतो?”

“तुझाच नाय येत,” द्वारकाबाई म्हणाल्या. त्यांनी डबा झाकून ठेवला.

टेप गार व्हायला ठेवली आणि ऐकायचं दुसऱ्या दिवसावर गेलं. सकाळी द्वारकाबाई, साहेबराव आणि मोनिका गेले, तर तिथं मोतीराम आणि बद्रीनाथ आधीच बसलेले.

“ह्यांना कोणी बोलावलं?”

“मी,” स्वराली म्हणाली. “त्या बँडमधले मोतीराम आजोबाच आता उरलेत. कोण काय वाजवतंय ते दुसरं कोण सांगणार?”

द्वारकाबाईंना ते आवडलं नाही. मोतीरामकडं पाठ होईल अशी खुर्ची त्यांनी ओढून घेतली.

स्पूल फिरायला लागलं. लॅपटॉपवर हिरव्या रेघा नाचायला लागल्या. आधी नुसती खरखर, कपबश्यांचा आवाज, कोणाचं तरी हसणं. मग पियानो. मग क्लारनेट शिरला तसा बद्रीनाथनं बापाचा खांदा दाबला. आणि मग ट्रम्पेट आला. असं वाजणं द्वारकाबाईंनी कधी ऐकलं नव्हतं. सूर वर चढायचा, तिथं रेंगाळायचा, आता पडतो की काय वाटायचं, आणि तेवढ्यात भलत्याच बाजूनं खाली उतरायचा. मोनिका तोंडावर हात ठेवून ऐकत होती.

गाणं संपलं. टाळ्या वाजल्या. एका पुरुषाचा आवाज इंग्रजीतून बोलला. त्यातलं एक नाव सगळ्यांना कळलं. ट्रम्पेटवर फ्रान्सिस परेरा.

बद्रीनाथ म्हणाला, “झालं? ऐकलं?”

साहेबराव आईकडं बघेना. द्वारकाबाई उठल्या आणि पिशवी शोधायला लागल्या. इतक्या वर्षांचा संशय खरा ठरला होता, आणि आता घरी जाऊन काय करायचं ते त्यांना सुचत नव्हतं. ह्याच्यात मी हाय, असं का म्हणाला असेल तो? बायकोशी कशाला खोटं बोलायचं?

स्वराली मात्र पडद्याजवळ वाकून त्याच रेघा पुन्हा बघत होती. “एक मिनिट, आजी. हे जरा विचित्र आहे. माइक एकच आहे, समोर ठेवलेला. पियानो, क्लारनेट, सगळं जवळून येतंय. ट्रम्पेट तर सगळ्यात कर्कश वाद्य, ते पुढं उभं राहून वाजवलं तर सगळ्यांना झाकून टाकेल. पण इथं ते लांबून येतंय. मध्ये काहीतरी जाड कापड धरल्यासारखं.”

“जुनी टेप हाय, असंच असल,” बद्रीनाथ म्हणाला.

“मग बाकीचे स्वच्छ कसे?”

तेव्हा मोतीराम बोलला. आवाज इतका बारीक की स्वरालीला खुर्ची जवळ ओढावी लागली.

“पडदा व्हता. लाल मखमलीचा.”

सगळे त्याच्याकडं वळले. द्वारकाबाईसुद्धा.

“फ्रान्सिसच्या हिरड्या सडल्या,” मोतीराम म्हणाला. “त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात पुढचे दात काढावे लागले. दाताबिगर ट्रम्पेट वाजत नाय, व्हटाला टेकू राहत नाय. मॅनेजरला कळलं असतं तर त्याची नोकरी गेली असती, घरी लेकरंबाळं. आणि त्या दुष्काळात आम्हाला तरी दुसरं कोण ठेवणार व्हतं? पियानोवाले मास्तर डोकं धरून बसले. कडुबा पाण्याच्या बादल्या आत आणून द्यायचा आणि आमचं वाजणं ऐकत दाराशी थांबायचा. एक दिवस मास्तरनं गमतीनं त्याच्या हातात ट्रम्पेट दिला. त्यानं आमची सगळी गाणी वाजवून दाखवली. नुसती ऐकून पाठ केलेली.”

“मंग त्याला पुढं उभं का नाय केलं?” साहेबरावनं विचारलं.

“टँकरवाला स्टेजवर? मॅनेजर मानला नसता, बाबा. फ्रान्सिस पुढं उभा राहायचा, ट्रम्पेट तोंडाला लावून. गाल फुगवायचा, बोटं हलवायचा. कडुबा मागं पडद्याआड. चांगलं वर्षभर चाललं. आम्ही सगळ्यांनी एकमेकांना शब्द दिला, फ्रान्सिसची अब्रू जाईल असं कुठं बोलायचं नाय. घरीसुद्धा नाय. मास्तरनं ती टेप कडुबाला दिली. म्हणाला, नाव देता येत नाय तुला, तुझा आवाज तरी घेऊन जा.”

बद्रीनाथ बापाकडं बघतच राहिला. “तुम्ही मला कधी सांगितलं नाही.”

“शब्द व्हता. तू लिहिलंस ते मी वाचलं. गप बसलो. काय करणार?”

द्वारकाबाई अजून उभ्याच होत्या. “भाऊजी, माझं मन राखाया सांगताय का?”

“नाय, वहिनी.”

“मंग त्या दिवशी वाजवू नका का म्हणालात?”

“टाळ्या फ्रान्सिसच्या नावानं हायेत त्याच्यावर. तुम्हाला काय वाटलं असतं ते ऐकून? आणि खरं सांगावं तर शब्द मोडतो. तुम्हाला बघून तोंड उघडना माझं.”

उत्तर सरळ होतं. तरी द्वारकाबाईंच्या मनातलं जाईना. म्हातारा माणूस, भला माणूस, भल्या माणसाला खोटं बोलायला वेळ लागत नाही. त्या स्वरालीला म्हणाल्या, “परत लाव. फकस्त बाजा येतो तिथून.”

ह्या वेळी त्या डोळे मिटून बसल्या. चाल ओळखीची नव्हतीच. पण आता त्यांनी चालीकडं लक्ष दिलं नाही. कापडाआडून येणारा तो दबका, कोंडलेला आवाज तेवढा ऐकला. एका खोलीच्या घरात, साहेबरावच्या पाळण्याशेजारी, गोधडीत तोंड खुपसलेला ट्रम्पेट असाच वाजायचा. मोकळ्या हवेत तो कसा वाजतो हे त्या विसरल्या होत्या. त्यांना ठाऊक होता तो हाच. सूर सोडताना कडुबा वरातीतल्यासारखी एक बारीक थरथर द्यायचा. ती आली. पुढं पुन्हा एकदा आली.

“व्हय,” त्या म्हणाल्या. “हेच.”

साहेबराव उठून खिडकीशी गेला.

आता प्रश्न होता वेबसाइटवर काय लिहायचं. बद्रीनाथ म्हणाला, मी लिहिलेलं मीच काढतो. स्वराली म्हणाली, त्याआधी परेरांच्या घरच्यांना सांगायला हवं. त्यांची मुलगी ग्लोरिया वसईला असते, वडिलांचा फोटो दिसल्यावर तिनं साइटवर कौतुकानं लिहिलं होतं, नंबरही दिला होता. मी तिला मेल करते.

“मेल नको,” द्वारकाबाई म्हणाल्या. “फोन लाव. मी बोलते.”

फोनवरची बाई आधी प्रेमानं बोलली. द्वारकाबाईंनी अडखळत सगळं सांगितलं, तसा तिचा आवाज ताठ झाला.

“तुम्ही कोण? आणि तुम्हाला पाहिजे काय नेमकं?”

“काय नको, बाई.”

“काय नको तर पप्पांचं नाव कशाला खराब करता? ते गेले. उत्तर द्यायला येणार आहेत का?”

“आमचे बी गेले,” द्वारकाबाई म्हणाल्या. “मला बी हे आजच कळलं. मी बी मोतीरामभाऊजींना खोटंच पाडत होते. तुमचं तुम्ही बघा. मी फकस्त इचारते. तुमच्या वडलांचे दात कधी काढले?”

ग्लोरियाच्या आवाजातला ताठपणा एकदम गेला.

“मी पहिलीत होते,” ती म्हणाली. “पप्पा औरंगाबादहून सुट्टीला आले ते बोळकं घेऊन. मी घाबरून रडले होते.” ती थांबली. “मम्मी नेहमी म्हणायची, दात गेल्यावर हा माणूस वाजवतो कसा? पप्पा हसायचे. म्हणायचे, माझ्यामागं देव उभा असतो.”

 ग्लोरियानं नाक ओढलं आणि म्हणाली, “ते गाणं पाठवा मला. ऐकते आधी. आणि पप्पांचं नाव काढू नका.”

“काढत नाय. ते पुढं उभे व्हते, हे बी खरंच हाय की.”

दोन दिवसांनी तिचा निरोप आला. लिहा म्हणाली, पण दातांचं लिहू नका, नुसतं आजारी होते असं लिहा. मोतीरामनंही तेवढीच अट घातली होती. स्वरालीनं गाणं साइटवर चढवलं, त्याखाली दातांचं सोडून मोतीरामचं बाकीचं बोलणं त्याच्याच आवाजात मुद्रित करून ठेवलं आणि दोन्ही नावं लिहिली. फ्रान्सिस परेरा, मंचावर. कडुबा सोनवणे, पडद्यामागून. द्वारकाबाईंनी ते मोनिकाकडून दोनदा वाचून घेतलं, आणि सोनवणेमधला ‘ण’ बरोबर आहे का तेही विचारलं.

महिनाभरात बऱ्याच लोकांनी ऐकलं. हॉटेलातल्या एका जुन्या वेटरनं जालन्याहून लिहिलं की पडद्यामागं कोणीतरी असतं अशी कुजबूज तेव्हाही होती. कन्नडच्या एका मास्तरानं कडुबानं आपल्या लग्नात वाजवल्याचं लिहिलं. आणि एकानं लिहिलं, ही सगळी रचलेली गोष्ट वाटते, पुरावा काय?

मोनिकानं ते चिडूनच वाचून दाखवलं. साहेबराव उत्तर द्यायला फोन मागू लागला.

“राहू दे,” द्वारकाबाई म्हणाल्या. “इचारू दे त्याला. आपण बी इचारलंच की.”